गेट, खिडकी आणि किरायाची खोली

आपल्या नियतकालिकांतून विद्यापीठावर जे लिहून येतं ते मी बरीच वर्षं जमेल तसं वाचत आलो आहे. त्या कविता, लेख, मनोगतं यांच्याविषयी माझी एक तक्रार आहे, ती इथं सरळ मांडतो. या लेखनात विद्यापीठ म्हणजे एक गेट असतं. गेटबाहेर अंधार, आत उजेड. पोरगा आत जातो, बाप फाटक्या धोतरात गेटपाशी थांबतो आणि कविता संपते. चार-दोन ठिकाणी आतल्या प्राध्यापकाचा जातीयवाद येतो, आणि तो खराच असतो. पण गेटच्या भोवती जे शहर पसरलेलं आहे, जिथं हा पोरगा रात्री झोपतो, जेवतो, उधारी करतो, भांडतो, प्रेमात पडतो, मोर्चाची पत्रकं काढतो, ते शहर आपल्या लेखनात जवळजवळ नाहीच. विद्यापीठ शहराचं काय करतं, आणि ते शहर आपल्या पोरापोरींचं काय करतं? हा प्रश्न वर्तमानपत्रांनी 'विकास' या एका शब्दात गुंडाळून ठेवला. आपणही ते गाठोडं न सोडता तसंच उचललं.

मी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस. म्हणून उदाहरण इथलंच घेतो.

२७ सप्टेंबर २०११ ला गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी हे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठाखाली होते, आणि नागपूर विद्यापीठ १९२३ चं. सिरोंच्याच्या पोराला मार्कशीटवरची एक चूक दुरुस्त करायची तर आलापल्ली, गडचिरोली करत एस.टी.नं साडेतीनशे किलोमीटरच्या वर जायचं. दोन-तीन दिवस मोडले, तितक्या मजुऱ्या बुडाल्या, एक रात्र नातलगाच्या ओसरीत. तिथं खिडकीतला बाबू म्हणणार, उद्या या. हे हेलपाटे कमी झाले. हा फायदा मी लहान मानत नाही. जो मानतो त्यानं डुप्लिकेट मार्कशीटसाठी कधी रांग लावलेली नसावी.

पण हे विद्यापीठ मुख्यतः संलग्न महाविद्यालयांचं आहे. पोरं शिकतात अहेरीला, वडशाला, ब्रह्मपुरीला, राजुऱ्याला, मूलला. विद्यापीठात येतो तो त्यांचा कागद. विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग मोजकेच. गडचिरोली शहर तरी केवढं? २०११ च्या जनगणनेत वस्ती सुमारे ५४ हजार. जिल्हा झाला तोच २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपुरातून फुटून. कलेक्टर कचेरीच्या बाजूला लोक 'कॉम्प्लेक्स' म्हणतात आणि विद्यापीठही त्याच बाजूला, एमआयडीसी रोडवर. म्हणजे गावाच्या लेखी ती कचेऱ्यांच्या रांगेत आलेली आणखी एक कचेरी. कचेरी आली की शहरात जे उगवतं ते उगवलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, चहाच्या टपऱ्या, बाहेरून आलेल्या साहेब-प्राध्यापकांसाठी प्लॉट. याला कुणी शैक्षणिक परिणाम म्हणत असेल तर म्हणो बाप्पा. तहसील कचेरीनंही एवढं केलंच असतं.

शहरात तरुण पोरं दिसत नाहीत असं नाही. पहाटे पाचला गडचिरोलीच्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर उभं राहा. धानोऱ्याकडची, चामोर्शीकडची, एटापल्लीकडची पोरं-पोरी अंधारात धावताना दिसतील. पोलीस भरती, वनरक्षक भरती. त्यातल्या पुष्कळांच्या खिशात बी.ए.ची पदवी आहे किंवा येणार आहे. पण ती इथं खोली करून राहिली आहेत ती मैदानासाठी आणि अभ्यासिकेतल्या खुर्चीसाठी. विद्यापीठाशी त्यांचं नातं फॉर्मपुरतं. या जिल्ह्यातल्या शहराला तरुण केलं ते भरतीनं, आणि याची नोंद आपल्या एकाही कथेत मला सापडली नाही.

आता खोलीचा मुद्दा. तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जास्त बोलणार आहे.

शहर आपल्या पोराला पहिला प्रश्न विचारतं तो खोलीच्या दारात. "आडनाव काय?" मग "गाव कोणतं?" मग "गावात कोणत्या मोहल्ल्यात?" शेवटचं वाक्य ठरलेलं: "खोली तर कालच गेली." काही ठिकाणी थोडी सभ्यता असते. तिथं म्हणतात, "मटण-मच्छी चालणार नाही." माडिया-गोंड पोराचं आडनाव तर दारातच पत्ता सांगून टाकतं. विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात जातीचा रकाना आहे म्हणून ओरडणारे पुष्कळ भेटतात. खोलीच्या दारातला रकाना छापलेला नाही, एवढाच फरक.

आपल्या साहित्यानं हा प्रश्न फार आधी ओळखला होता हे विसरून चालणार नाही. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्या नावाच्या कथेतला रेल्वे कामगार परमुलखात नोकरीवर रुजू होतो. राहायला जागा मिळते ती जात झाकलेली असते तोवर, आणि ती उघड झाल्यावर मार पडतो. कथेत विद्यापीठ नाही. पण शिकलेला दलित तरुण आणि नवं शहर यांची भेट नेमकी कुठं होते हे बागुलांना अचूक कळलं होतं. ती दारात होते. त्यांच्यानंतरच्या आपण लोकांनी कारखान्यातला कामगार लिहिला, झोपडपट्टी लिहिली, गावकूस लिहिलं. विद्यार्थ्याची खोली मात्र सुटून गेली. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. खोलीत राहणारा पोरगा पुढं प्राध्यापक झाला, त्यानं स्वतःचं घर बांधलं आणि त्याला ती खोली आठवायची लाज वाटू लागली. हे कडू वाटेल, पण खरं आहे.

कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. कुमुदताई नागपूरच्या. नागपूर विद्यापीठात संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. पदवी हातात आली तरी नोकरी आली नाही. ती आली आंतरजातीय लग्नानंतर, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे लागल्यावर. आपले समीक्षक या पुस्तकात संस्कृत बघतात आणि ब्राह्मणी भाषेवर दलित स्त्रीनं मिळवलेला विजय म्हणून टाळ्या वाजवतात. मला त्यातलं आडनाव जास्त बोलतं. विद्यापीठानं परीक्षा घेतली आणि पास केलं. शहरानं दुसरी परीक्षा घेतली, तिच्यात माहेरच्या आडनावाला गुण नव्हते. एका विद्यापीठाचा त्याच्या शहरावर किती परिणाम झाला हे मोजायचं असेल तर माप इथं आहे. शंभर वर्षं विद्यापीठ असलेल्या गावात दारावरचा प्रश्न बदलला का?

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते बाबासाहेबांनीच घालून दिलं आहे. १९५० च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढलं. तेच पुढं मिलिंद. मराठवाड्याला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते आलं २३ ऑगस्ट १९५८ ला. म्हणजे क्रम ध्यानात घ्या. गावोगावची पोरं येऊन राहिली, वसतिगृहं भरली, त्यानंतर आठ वर्षांनी विद्यापीठ आलं. नागसेनवन ही नुसती वर्गखोल्यांची जागा कधीच नव्हती. परभणी-नांदेडचा पोरगा तिथं वळकटी घेऊन यायचा आणि चार वर्षं राहायचा. शहरातल्या घरमालकाला आडनाव सांगायची पाळी त्याच्यावर येत नव्हती.

आणि पोरं एका जागी राहिली की काय होतं ते बघा. रात्री बोलणं होतं. प्राचार्य म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' नाटक तिथं उभं राहिलं आणि ते पुढं १९५६ त नागपूरला दीक्षेच्या वेळी जमलेल्या लोकांपुढं झालं. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे हे दोघेही मूळ आपल्या नागपूरकडचे. पण त्यांचं काम बहरलं ते या नागसेनवनात. १९६७ च्या सुमारास 'अस्मिता', आणि त्यातून पुढं 'अस्मितादर्श'. आज ज्याला आपण दलित साहित्याची चळवळ म्हणतो तिचा एक मोठा भाग वसतिगृह, कँटीन आणि छापखाना या तीन जागांच्या मधल्या रस्त्यावर घडला. नागपूरला विद्यापीठ जुनं, वस्त्या मोठ्या, चळवळ तर कितीतरी जुनी. तरी वाङ्मयाचं हे केंद्र औरंगाबादेत का झालं, याचं उत्तर मी 'पोरं तिथं राहत होती' असं देतो. दुसरी कारणं असतील. त्यांवर कुणी लिहिलं तर वाचीन.

नागसेनवनाचं फार गोडवं गाऊ नये हेही खरं. वसतिगृहामुळं पोरगा वाचला, पण शहराचं दार होतं तसंच बंद राहिलं. शहरानं आपली दारं उघडली असती तर नामांतराचा प्रश्न इतका रक्ताळला नसता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली ती खेड्यांत. पोचिराम कांबळे यांचा खून झाला तो नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत, विद्यापीठाच्या गेटपासून कोसो दूर. ज्यांनी कधी विद्यापीठ पाहिलं नव्हतं त्यांच्या झोपड्यांवर विद्यापीठाच्या नावाचा राग निघाला. नोव्हेंबर १९७९ त नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडेंचा लाँग मार्च निघाला आणि विदर्भाच्या पोरांनी परक्या जिल्ह्यातल्या विद्यापीठासाठी पायाला फोड आणले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. विद्यापीठाच्या परिणामाची त्रिज्या शहराच्या हद्दीत मोजणाऱ्यांनी हा सोळा वर्षांचा हिशेब समोर ठेवावा.

हे दुखणं एकट्या आपल्याच मुलखाचं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. कोलंबियाला लागून हार्लेम, काळ्या लोकांची मोठी वस्ती. या विद्यापीठाला १९६० च्या दशकात मधल्या सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायची होती. योजना अशी की विद्यार्थी वरच्या दारानं जातील आणि हार्लेमची माणसं खालच्या वेगळ्या दारानं. काळी वस्ती भडकली. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या, आणि शेवटी ती व्यायामशाळा रद्द झाली. पण जमिनीची भूक गेली नाही. विद्यापीठ पश्चिम हार्लेममध्ये पसरत राहिलं, आणि २०१० साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या विस्तारासाठी सक्तीच्या भूसंपादनाला मान्यता दिली. ज्या विद्यापीठाचा आपल्याला अभिमान वाटतो त्याच्या शेजाऱ्यांचं त्याच्याविषयीचं मत वेगळं असू शकतं. ब्लॅक पँथरवरून आपण पँथर झालो, तेव्हा त्या शेजाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. उद्या आपल्याकडेही विद्यापीठाचा 'भव्य परिसर' शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर उभा राहील तेव्हा जमीन कुणाची, शेत कुणाचं, गुरांचा रस्ता कुठून, हे विचारणारा आपल्यातला असावा. तिथं बापाला गेटवर थांबवणारी कविता उपयोगाची नाही.

परत आपल्या जंगलात येतो.

चंद्रपूर शहराविषयी थोडक्यात. या शहराला कोळसा, वीज आणि शेजारच्या बल्लारपूरच्या कागदानं घडवलं, महाविद्यालयांनी फार कमी. एक अपवाद मानतो. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली त्या जागेवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभं आहे. दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला खेड्यापाड्यांतून माणसं येतात आणि महाविद्यालयाच्या आवारात मुक्काम करतात. पुस्तकांची दुकानं लागतात, अंगठेबहाद्दर म्हातारी नातवासाठी पुस्तक विकत घेते. दोन दिवस शहर महाविद्यालयात राहायला येतं. उरलेले दिवस तिथं काय होतं, या गर्दीचा एक धागा तरी वर्गात पोचतो का, हे तिथं शिकलेल्यांनी लिहावं.

ब्रह्मपुरीचं वेगळं. तिथं विद्यापीठ नाही, पण शाळा-कॉलेजं, दवाखाने एवढे की आजूबाजूचे तालुके तिला शिक्षणाचं गाव मानतात. खोल्या करून राहणारी पोरं-पोरी तिथं भरपूर. आठवड्याच्या एस.टी.नं गावाहून तांदळाची पिशवी येते आणि स्टोव्हवर आळीपाळीनं भात शिजतो. एका पोराची किरायाची दहा बाय दहाची खोली म्हणजे त्याच्या गावातल्या चार पोरांचा मुक्काम. अशा खोल्यांतून गावात पहिला पेपर गेला, पहिला अर्ज गेला, ग्रामसभेचा पहिला ठराव नीट लिहिला गेला. वडशाचं आणखी निराळं. तिथं झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडं आहेत, दिवाळी झाली की गावोगाव नाटकं जातात. कुठल्याही कुलगुरूशिवाय एक गाव आख्ख्या मुलखाचं रंगभूमीचं ठाणं झालं. नाटक करणारी माणसं तिथं येऊन राहतात, एवढंच त्याचं भांडवल.

आणि या मातीला ही गोष्ट नवीन आहे का? गोंड-माडियांचं गोटूल काय होतं? तरुण पोरापोरींनी एकत्र जमावं, गावं-नाचावं, वडीलधाऱ्यांकडून शिकावं यासाठी गावानं बांधलेलं घर. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट चालवले, बसून कायदा वाचला आणि २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ त बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विद्यापीठ आलं. गावानं अभ्यास आधी केला होता, विद्यापीठ मागाहून आलं. इथल्या लोकांना शिक्षण नेऊन द्यायचं आहे असं बोलणाऱ्या उद्घाटनाच्या भाषणांना हे कधी कळलं नाही.

विद्यापीठाचं नाव गोंडवाना. नाव चांगलं आहे. पण नावाची लढाई तिथंही संपली नाही. जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठाच्या अधिसभेत सभागृहाला दत्ताजी डिडोळकर यांचं नाव देण्याचा ठराव आला आणि आदिवासी संघटनांनी विरोध केला. ज्या मुलखात बाबूराव शेडमाके १८५८ त चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले तिथं भिंतीवर कुणाचं नाव, हा प्रश्न उठणारच. नामांतरासाठी हाडं मोडून घेतलेल्या आपल्या लोकांनी या विरोधाच्या बाजूनं उभं राहायला हवं, यात मला शंका नाही. फक्त एक सांगतो. नावाच्या लढाईत आपण तरबेज झालो आहोत. खाटांच्या लढाईत नाही.

खाटा म्हणजे वसतिगृहातल्या खाटा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१६-१७ पासून आपल्या पोरांसाठी 'स्वाधार' आहे आणि आदिवासी पोरांसाठी 'स्वयम्'. पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, त्यानं खोली आणि मेस बघावी. योजना वाईट म्हणत नाही. तिनं अनेकांचं शिक्षण वाचवलं. पण तिचा अर्थ लक्षात घ्या. वसतिगृहाच्या इमारतीऐवजी रोख रक्कम आली आणि पोरगा पुन्हा घरमालकाच्या दारात, आडनावाच्या प्रश्नापुढं उभा राहिला. सरकारी पैसा शेवटी जातो तो त्याच शहराच्या खिशात. नागसेनवनातली चार वर्षांची रात्रीची बोलणी खात्यात जमा होत नाहीत. मुलींचं तर विचारूच नका. पोरगा चार जणांत पाचवा म्हणून पडून राहतो. पोरीला खोली मिळाली नाही तर ती बस धरून गावी परत जाते, आणि गैरहजेरीच्या रकान्यात तिचं कारण लिहायला जागा नसते.

तेव्हा विद्यापीठावर निवेदन घेऊन जाल तेव्हा निवेदनात पुतळा आणि सभागृह असू द्या, पण पहिल्या ओळीत खाटांचा आकडा मागा. पोरांच्या किती, पोरींच्या किती, भामरागड-सिरोंचा-कोरचीच्या किती. वाचनालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं आणि पोरींसाठी किती वाजेपर्यंत. पुढचा परिसर बांधाल तेव्हा आधी प्रशासकीय इमारत बांधणार की वसतिगृह. या प्रश्नांना उत्तर तोंडी घेऊ नका, सही-शिक्क्यानं घ्या.

आणि लिहिणाऱ्यांनो, कविता थोड्या थांबवा. ब्रह्मपुरीत, अहेरीत, गडचिरोलीच्या कॉम्प्लेक्समागं खोली करून राहिलेल्या मुलींपैकी एकीचंही लेखन मी आजवर वाचलेलं नाही. लिहून पाठवा. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. गोंडीत लिहिलं तर बाजूला मराठी अर्थ द्या. घरमालकाचं नाव नको. वर्ष लिहा, किराया लिहा, खोलीत किती जण होतात ते लिहा, आणि दारात आडनाव विचारलं तेव्हा काय सांगितलंत ते लिहा.